न आलेल्या रुग्णाची जबाबदारी

जळगाव जिल्ह्यात, भडगावातल्या कोणत्याही दवाखान्याचं रजिस्टर उघडलं, तर आलेल्या माणसांची नावं सापडतात. केसपेपर निघाला, रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, नोंद झाली. जो आला नाही त्याची नोंद कुठेच नसते. ताप-खोकल्यात त्याने फारसं बिघडत नाही. रुग्ण परत आला नाही तर बहुतेक वेळा तो बरा झालेला असतो. मधुमेहाचा रुग्ण मात्र चार महिने फिरकला नाही, तर त्या चार महिन्यांत त्याच्या डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि तळपायांच्या नसा हळूहळू खराब होत असतात आणि त्याला स्वतःला काहीही दुखत नसतं. आपली आरोग्यव्यवस्था, सरकारी असो की खासगी, दारात आलेल्या रुग्णासाठी उभारलेली आहे. जन्मभर सोबत राहणाऱ्या आजाराला ती पुरी पडत नाही. एखाद्या तालुक्यात मधुमेहाची देखभाल चांगली होते की नाही, हे ठरवायला मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो: न आलेल्या रुग्णाला शोधायला जाण्याचं काम कोणाच्या नावावर आहे?

‘डॉक्टरांच्या’ हे उत्तर चालणार नाही, आणि ते का चालणार नाही हे साध्या हिशेबाने कळतं. सपाट प्रदेशात एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ३०,००० लोकसंख्येसाठी असतं. त्यात वीस वर्षांवरची माणसं २०,००० धरू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि ग्रामीण भागातल्या प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण ८.९ टक्के आहे. हे प्रमाण आपल्या आरोग्य केंद्राला लावलं, तर त्याच्या हद्दीत जवळपास १,८०० मधुमेही निघतात. सगळे महिन्यातून एकदा आले, तर कामाच्या पंचवीस दिवसांत रोज सत्तर. प्रत्येकाला दहा मिनिटं द्यायची म्हटली, तर डॉक्टरला रोज जवळपास बारा तास फक्त मधुमेहासाठी बसावं लागेल. बाळंतपणं, लसीकरण, साप चावलेले, विषप्राशनाच्या केसेस आणि बैठका या सगळ्या त्याबाहेरच्या. प्रत्यक्षात काय होतं? ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात भारतातल्या प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांची एका रुग्णामागची वेळ दोन मिनिटांच्या आसपास होती. महिन्याला दोन मिनिटं म्हणजे वर्षाला चोवीस मिनिटं. जो आजार रोजच्या ताटात, रोजच्या चालण्यात आणि रोजच्या गोळीत सांभाळायचा, त्याला वर्षातली चोवीस मिनिटं.

‘आपल्याकडे एवढे कुठे शुगरवाले?’ असं अजूनही ऐकू येतं. शुगर म्हणजे शहरातल्या, बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसांचं दुखणं, हा समज गिरणाकाठी पक्का रुजलेला आहे. कापसाच्या शेतात राबणारा सडपातळ माणूस मधुमेही असू शकतो, हे पटायला वेळ लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर नेमकं याच कोड्यावर काम केलं. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या माता-पोषण अभ्यासाने दाखवलं की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन या दोघांचं एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, पण भारतीय डॉक्टरच्या शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरच्या दुपटीहून अधिक. अर्धपोटी आईच्या पोटी जन्मलेल्या आणि पुढे बऱ्या दिवसांत पोटभर खायला मिळालेल्या पिढीला हा आजार जास्त गाठतो. खानदेशाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या काळात जन्मलेली माणसं आज पन्नाशीत आहेत.

आता हा पन्नाशीतला माणूस दवाखान्यातून गळतो कसा, ते पाहू. पहिले दोन महिने तो नेमाने येतो. तिसऱ्या महिन्यात साखर उतरते आणि तो म्हणतो, ‘आते बरं शे, गोयी कसाले लेवानी?’ या प्रश्नात चूक काहीच नाही. आजवर त्याने जेवढी दुखणी पाहिली ती सगळी गोळीने बरी झाली आणि मग गोळी सुटली. हे दुखणं गोळीने आटोक्यात राहतं, बरं होत नाही, हे त्याला कोणीतरी बसून समजावायला हवं होतं. दोन मिनिटांत ते झालं नाही. पुढे कापूस वेचणीचे दिवस येतात. मजुरी सोडून भडगावला यायचं म्हणजे दिवस मोडतो. नंतर लग्नसराई, मग आखाजी. काही कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात आणि चार-पाच महिने गावातच नसतात. बायकांचं गळणं आणखी लवकर होतं. त्यांच्यासोबत तालुक्याला कोण येणार हाच पहिला प्रश्न असतो. घरातल्या पुरुषाला शुगर निघाली तर त्याच्यासाठी वेगळी भाजी होते. बाईला निघाली तर सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं तेच तिच्या ताटात येतं. वर्ष-दोन वर्षांनी ही माणसं परत येतात ती पायाला न भरणारी जखम घेऊन, किंवा समोरचं धूसर दिसायला लागल्यावर. तेव्हा त्यांना जळगाव, धुळे नाहीतर नाशिक गाठावं लागतं, आणि एका पायाच्या उपचारात बैलजोडीचे पैसे जातात.

मधली ती वर्षं वाया जाऊ दिली नाहीत तर किती फरक पडतो, हे शास्त्राला ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर नीट आटोक्यात ठेवलेल्या रुग्णांमध्ये डोळे, मूत्रपिंडं यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती एक चतुर्थांशाने घटल्या होत्या. औषधंही महाग राहिलेली नाहीत. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सरकारी यादीत आहेत, आणि पेटंट संपल्यावर सिटाग्लिप्टिनसारखी, अलीकडे एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधंही खूप स्वस्त झाली. गोळी आहे आणि ज्ञानही आहे. रुग्ण आणि गोळी यांची गाठ वर्षानुवर्षं घालत राहणारी माणसं नेमलेली नाहीत.

ती माणसं कोण आणि त्यांनी काय करायचं, हे नेमकं सांगायला हवं, कारण ‘टीम’ म्हटलं की आपल्याकडे एक शासन निर्णय निघतो आणि भिंतीवर तक्ता लागतो. मला अभिप्रेत असलेली टीम लहान आहे: डॉक्टर, परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी, आशा, औषधनिर्माता, लॅबचा तंत्रज्ञ, आणि स्वतः रुग्ण व त्याच्या घरातली स्वयंपाक करणारी बाई. निदान पक्कं करणं, औषध बदलणं, इन्सुलिन सुरू करणं, गुंतागुंत ओळखणं हे डॉक्टरचं काम. बाकीचं बहुतेक काम डॉक्टरपेक्षा इतरांना जास्त चांगलं जमतं, असं माझं मत आहे.

पायाची तपासणीच घ्या. एक जाड नायलॉनचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवायचा आणि रुग्णाला जाणवतं का विचारायचं. पाच मिनिटांचं काम, पण त्यासाठी चप्पल काढायला लावावी लागते, खाली वाकून पाय हातात घ्यावा लागतो. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर हे करत नाहीत. प्रशिक्षित परिचारिका वर्षातून एकदा प्रत्येकाचा पाय पाहू शकते. ज्यांना दोरा जाणवत नाही, त्यांना बजावू शकते की शेतात अनवाणी जायचं नाही, आणि मे महिन्यात तर अंगणातही नाही. तापलेल्या जमिनीने तळवा भाजला तरी ज्याला कळत नाही, असा पाय खानदेशातल्या उन्हात फार धोक्यात असतो.

इन्सुलिनचंही तसंच. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं असतं. उघडलेली बाटली महिनाभर बाहेर चालते, पण जळगाव-भुसावळकडचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा तिला सोसत नाही. ज्याच्या घरी फ्रिज नाही किंवा वीज तासन्‌तास नाही, त्याला मातीच्या दोन भांड्यांत ओली वाळू घालून आत डबी कशी ठेवायची हे आशा दाखवू शकते. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, आणि आपली मे महिन्यातली हवा कोरडीच असते.

जेवणाचा सल्ला तर दवाखान्यात सर्वांत कामचलाऊ दिला जातो. ‘भात, साखर, बटाटा बंद’ असं लिहिलेला छापील कागद हातात पडतो. केळीच्या बागेत दिवसभर काम करणाऱ्याला नुसतं ‘केळी खाऊ नका’ सांगून काय उपयोग? त्याच्या घरी दादरची किंवा कळण्याची भाकरी होते, उडदाची डाळ होते, मेथी-अंबाडीच्या भाज्या होतात. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असल्याने प्रथिनं जास्त मिळतात. चांगलं जेवण त्याच्या चुलीवर आधीपासून आहे. भाकरी किती आणि शेवभाजीतली शेव किती, एवढंच ठरवायचं आहे. आखाजीला माहेरवाशिणी आल्या की पुरणपोळी, सांजोऱ्या आणि आमरस होणारच. त्या दिवशी काय करायचं हे आधी सांगितलं तर माणूस ऐकतो. ‘काहीच खाऊ नका’ म्हटलं तर तो सगळंच खातो आणि पुढचे दोन महिने शरमेने दवाखान्यात येत नाही. एकादशी, नवरात्र आणि रमजानचे रोजे यांचाही आधी विचार हवा. ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलेल्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि साबुदाणा-भगरीच्या फराळाने ती भलतीच चढू शकते. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे गावातल्या सणांचं पंचांग माहीत असलेली परिचारिका रुग्णाला आठवडाभर आधी डॉक्टरांकडून विचारून सांगेल. शहरातून आलेला, दोन वर्षांत बदली होणारा डॉक्टर ते लक्षात ठेवू शकत नाही, आणि त्याने ठेवावं अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

तपासण्यांमध्ये एक गोष्ट खास आपल्या भागाची आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी उपयोगी, कारण तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. पण भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे, आणि सिकलसेल किंवा तीव्र रक्तक्षय असला तर या तपासणीचा आकडा दिशाभूल करतो. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि गावोगावच्या भिलाटीत काम करणाऱ्या तंत्रज्ञाला हे माहीत असायला हवं, आणि शंका आल्यावर डॉक्टरला थांबवून सांगण्याची मुभाही त्याला हवी.

मुभा, म्हणजेच अधिकार, हा माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा आहे. आपण खालच्या माणसाला काम देतो, अधिकार देत नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा अर्ज भरतात: वय, कंबर, तंबाखू, दारू, घरात कोणाला आजार आहे का. गुण चारपेक्षा जास्त झाले की तपासणीला पाठवतात. त्या अर्जामागे त्यांना मोजकेच रुपये मिळतात, आणि अर्ज भरल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं हे बहुधा त्यांना कोणी सांगत नाही. महाराष्ट्रातल्या आशा २०२३-२४ मध्ये मानधनासाठी संपावर गेल्या, ते उगाच नव्हे. त्यांच्या पिशवीत आणखी एक रजिस्टर टाकून त्याला टीम म्हणणं ही फसवणूक आहे. तीच गोष्ट समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची. आयुर्वेदाची किंवा नर्सिंगची पदवी आणि वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम झालेली ही माणसं आयुष्मान आरोग्य मंदिरांत बसतात, तीही बहुतांशी कंत्राटावर. डॉक्टरने सुरू केलेली गोळी, साखर ठरलेल्या मर्यादेत असेल तर, पुढच्या महिन्यासाठी चालू ठेवण्याचा लेखी अधिकार त्यांना असावा, आणि ती गोळी उपकेंद्रातच मिळावी. म्हणजे साखर आटोक्यात असलेल्या रुग्णाला दर महिन्याला गाव सोडावं लागणार नाही, आणि डॉक्टरची दहा मिनिटं ज्याची साखर हाताबाहेर गेली आहे त्याच्यासाठी मोकळी होतील.

डॉक्टरांचा विरोध इथेच सुरू होतो. चुका होतील, जबाबदारी कोणाची, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी निरक्षर, बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या स्त्रियांना आरोग्यसेविका केलं, आणि त्यांचं काम पाहायला जगभरातून माणसं आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाचा न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तान्ह्या बाळाला इंजेक्शन देण्याची जोखीम ज्या राज्यातल्या खेडूत बाईने यशस्वीपणे पेलली, त्या राज्यात पदवीधर परिचारिकेला मेटफॉर्मिनची पट्टी पुन्हा देता येणार नाही, हे म्हणणं टिकत नाही.

अधिक जवळचं उदाहरण रक्तदाबाचं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे त्यात पहिल्यापासून होते. त्याची रीत साधी. सर्व रुग्णांसाठी ठरलेल्या औषधांची ठरलेली पायरी, औषधांचा न तुटणारा पुरवठा, परिचारिकेने दाब मोजणं, घराजवळ गोळ्या, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. या नोंदीत मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते. रुग्णांचे गट पाडताना दाब आटोक्यात असलेले, नसलेले आणि न आलेले, असे पाडले जातात. न आलेल्यांची यादी निघते आणि त्यांना फोन जातो. क्षयरोगाच्या कार्यक्रमात रुग्ण हरवला की त्याला शोधायला माणूस जातो, तीच शिस्त इथे आणली गेली. खानदेशात मधुमेहासाठी हीच नोंद हवी.

संशोधन काय सांगतं? भारत आणि पाकिस्तानातल्या दहा दवाखान्यांत १,१४६ मधुमेहींवर झालेल्या ‘कॅर्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. एका गटातल्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेला एक समन्वयक नेमला होता, जो त्यांचा पाठपुरावा करी, आणि डॉक्टरला पुढच्या पायरीची आठवण देणारी संगणकीय नोंद होती. साखरेबरोबरच रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण त्या गटात १८.२ टक्के निघालं, तर नेहमीच्या उपचारांत ८.१ टक्के. दुपटीहून जास्त, आणि तरीही पाचातल्या चौघांचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. टीम म्हणजे जादू नव्हे, हेही त्यातून दिसतं. दुसरा अभ्यास हरियाणा आणि कर्नाटकातल्या चाळीस सामुदायिक आरोग्य केंद्रांतला, सुमारे ३,७०० रुग्णांचा. तिथे परिचारिकेच्या हातात टॅबलेट दिला होता, जो औषध सुचवे आणि रुग्णांना संदेश पाठवे. वर्षभराने टॅबलेट असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक आढळला नाही. दोन्हीकडे सुधारणा जवळपास सारखीच झाली. सरकारी बैठकांत आजकाल प्रत्येक दुखण्यावर ॲप सुचवलं जातं, म्हणून हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. माणूस नेमायचे पैसे वाचवून ॲप विकत घेतलं, तर हाती काही लागणार नाही.

आता खासगी दवाखान्यांकडे वळू, कारण त्यांच्याशिवाय ही चर्चा अर्धवट आहे. भडगाव, पाचोरा, चाळीसगावकडचे बरेच रुग्ण पहिल्यांदा ओळखीच्या खासगी डॉक्टरकडे जातात, आणि ते डॉक्टर कित्येकदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. त्यांना तुच्छ लेखून काही साधणार नाही. रात्री अकराला दार उघडणारा तोच असतो; तीन पिढ्यांची दुखणी त्याला तोंडपाठ असतात. त्याच्याकडे एक कंपाउंडर असतो, शेजारी मेडिकल असतं, समोर लॅब असते. म्हणजे टीमचे सगळे भाग पन्नास पावलांत हजर आहेत, त्यांना जोडणारी वही तेवढी नाही. एका वहीत मधुमेहींची नावं, फोन नंबर, शेवटची साखर आणि पुढची तारीख लिहायची. दर शनिवारी कंपाउंडरने तारीख चुकलेल्यांना फोन लावायचा. मेडिकलवाल्याने दोन महिने गोळ्या न नेलेल्या गिऱ्हाइकाचं नाव डॉक्टरला कळवायचं. याला अनुदान लागत नाही. पूर्वी क्षयरुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांकडून होत नसे. सरकारने नियम केला, थोडं मानधन दिलं, आणि नोंद होऊ लागली. मधुमेहींना क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो, तेव्हा या दोन नोंदी एकत्र आल्या तर दोन्ही आजारांचा फायदा होईल.

एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे: स्वतःच्या जिवाची काळजी ज्याची त्याने घ्यावी, सरकारने मागे का धावावं? हे म्हणणारी माणसं बहुतेक महिन्याचा पगार घेणारी असतात. त्यांचा दिवस मोडत नाही. त्यांच्या घरात ग्लुकोमीटर असतो, मुलगी पुण्याहून फोन करून गोळी घेतली का विचारते. त्यांचीही एक टीम असते, ती घरातच असल्याने त्यांना दिसत नाही. ज्याच्या घरात अशी माणसं नाहीत, त्याला ती गावाने आणि सरकारने द्यायची आहेत.

भडगाव हा जळगाव जिल्ह्यातला लहान तालुका, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दीड लाखांहून थोडी अधिक. प्रयोगासाठी असा तालुका सोयीचा. जळगावला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले डॉक्टर आणि विद्यार्थी देखरेखीला येऊ शकतात, आणि उपकेंद्रातून ई-संजीवनीवर सल्लाही घेता येतो. जिल्हा परिषदेने पुढच्या आर्थिक वर्षात भडगाव तालुका निवडावा. प्रत्येक आरोग्य केंद्रात मधुमेहाचा पाठपुरावा करणारी एक परिचारिका फक्त त्याच कामासाठी नेमावी, आशांना पाठपुराव्याचा योग्य मोबदला द्यावा, उपकेंद्रांत गोळ्या कधीही संपू देऊ नयेत, आणि खासगी डॉक्टरांना त्याच नोंदीत सामील करून घ्यावं. मग दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत तीन आकडे वाचून दाखवावेत: गावात मधुमेही किती, त्यांपैकी साखर आटोक्यात असलेले किती, आणि न आलेले किती. तिसरा आकडा मोठा निघाला तर गावकऱ्यांनी तिथेच उठून विचारावं की त्यांच्या घरी कोण गेलं होतं.